दुकानात तिसरा पर्याय का नसतो?

(युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलंय, त्यामुळे आधी तुम्हाला थोडं हलवतो. सगळ्यांनी आपापला फोन हातात घ्या. ज्यांचा फोन अँड्रॉइडचा आहे, त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता आयफोनवाले? तीन, चार... पाच. बरं. या दोन्हींपैकी काहीच नाही, असा कोणी आहे का? एकही नाही.

भारतातल्या कुठल्याही सभागृहात हेच चित्र दिसेल. शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, उरलेले जवळपास सगळे ॲपलचे. मला आज त्या तिसऱ्या, रिकाम्या जागेबद्दल बोलायचंय.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो. फोनची चिप, स्क्रीन, कॅमेरा एका बाजूला आणि तुमची ॲप्स दुसऱ्या बाजूला. या दोघांच्या मध्ये बसून सगळा कारभार चालवणारी मूळ प्रणाली, ती ऑपरेटिंग सिस्टीम. तिसरी सिस्टीम बनवायचे प्रयत्न कमी झालेले नाहीत. मायक्रोसॉफ्टने केला, सॅमसंगने केला, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने केला, नोकियातून बाहेर पडलेल्या फिनलंडच्या इंजिनिअरांनी केला. आणि हे सगळे फोन भारतात विकायला आले होते. मग ते गेले कुठे?

याचं सोपं उत्तर आपण देऊन टाकतो: "सिस्टीमच फालतू असणार." मीही असंच समजत होतो. पण यात आपण एका माणसाला विसरतो. सिस्टीम बनवणारा वेगळा असतो आणि ती आपल्या फोनमध्ये घालून विकणारा कारखानदार वेगळा असतो. तो कारखानदार 'हो' म्हणाला नाही, तर जगातली उत्तम सिस्टीमही तुमच्या खिशापर्यंत पोचत नाही. आणि त्याने 'नाही' म्हणण्याची कारणं समजण्यासारखी आहेत.

मी मालेगावचा. कॉलेजात असताना सुट्टीत मामूंच्या मोबाईलच्या दुकानात बसायचो. एकदा डिस्ट्रिब्युटरचा माणूस दोन हजारांच्या आसपासचा टचस्क्रीन फोन घेऊन आला. अँड्रॉइड नव्हतं, नवीनच काहीतरी होतं. फोन हलका आणि दिसायला छान. मामूंनी दहा नग ठेवून घेतले. पहिल्या आठवड्यात चार गेले. त्यातले तीन परत आले! एक तरुण लूम कामगार काउंटरवर फोन ठेवून म्हणाला, "मामू, इसमें वॉट्सअप नइ आता क्या?" त्याने फोन त्यासाठीच घेतला होता. त्याचा भाऊ आखातात होता आणि रोज बोलायचं होतं. मामूंनी पैसे परत दिले, आणि डिस्ट्रिब्युटरच्या माणसाला सांगितलं, "हा माल पुन्हा आणू नको."

ही साखळी लक्षात घ्या. गिऱ्हाइकाने दुकानदाराला नकार दिला, दुकानदाराने डिस्ट्रिब्युटरला, डिस्ट्रिब्युटर तो कंपनीला कळवणार. कंपनी पुढच्या वर्षी काय बनवणार? तर जे परत येत नाही ते. स्वस्त फोनच्या धंद्यात एका नगामागे नफा अगदी थोडा असतो. दहातले तीन परत आले की त्या मॉडेलचा हिशेब संपला.

आता या कारखानदाराच्या खुर्चीत बसून पाहू. कोणीतरी तुमच्याकडे नवी सिस्टीम घेऊन आलाय आणि म्हणतोय, "फुकट देतो, वापरा." तुम्ही काय विचाराल?

पहिला प्रश्न: माझ्या चिपवर हे चालेल का? आपल्याकडच्या स्वस्त फोनमध्ये बहुतेक वेळा मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांसारख्या मोजक्या कंपन्यांच्या चिप असतात. चिपवाला नुसती चिप देत नाही. तिच्यासोबत कॅमेरा, नेटवर्क, बॅटरी चालवणारं सॉफ्टवेअरही देतो, आणि ते अँड्रॉइडसाठी तयार असतं. त्यातला बराच भाग बंद डब्यासारखा असतो, आत काय आहे ते बाहेरच्याला दिसत नाही. नवी सिस्टीम घालायची तर चिपवाल्याने मदत करायला हवी, आणि तो विचारतो, "किती लाख नग काढणार?" तुमच्याकडे उत्तर नसतं.

दुसरा प्रश्न: ॲप्स आहेत का? हा मामूंच्या काउंटरवरचा प्रश्न. ॲप बनवणारे म्हणतात, आधी ग्राहक दाखवा. ग्राहक म्हणतो, आधी ॲप दाखवा. फोन कंपनी म्हणते, तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मी येते.

मोझिलाने २०१३ मध्ये फायरफॉक्स ओएसचे फोन बाजारात आणले. कल्पना सुंदर होती: सगळी ॲप्स वेबच्या भाषेत लिहायची, म्हणजे कुठल्याच एका कंपनीच्या दुकानाची गरज नाही. भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने १,९९९ रुपयांत असा फोन काढला. पाठोपाठ स्पाइसनेही काढला. इतका स्वस्त स्मार्टफोन तेव्हा नवलाचाच होता. पण अधिकृत व्हॉट्सॲप त्यावर शेवटपर्यंत आलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने हे फोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

कोणी म्हणेल, मोझिला छोटी संस्था, पैसा कमी पडला असेल. मग मायक्रोसॉफ्टचं बघा. २०१४ मध्ये त्यांनी लहान पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोजचं परवाना शुल्क माफ केलं. त्याच वर्षी मायक्रोमॅक्सने भारतात विंडोजचे दोन फोन काढले, इतर भारतीय ब्रँडही आले. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसायच विकत घेतला होता. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, या व्यवहारापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. पुढे विंडोजच्या फोनला मिळणारे अपडेटही बंद झाले. पैसा होता, नाव होतं, फोनही चांगले होते. ॲपवाले आले नाहीत आणि कारखानदार एकेक करून निघून गेले.

सॅमसंगचं उदाहरण वेगळं आहे, कारण तिथे सिस्टीम आणि कारखाना एकाच घरात होते. टायझेनवर चालणारा 'झेड वन' त्यांनी जानेवारी २०१५ मध्ये आधी भारतातच आणला, ५,७०० रुपयांत. नंतर झेड टू, थ्री, फोर आले. पण दुसऱ्या कुठल्या मोठ्या कंपनीने टायझेन घेतलं नाही. का घेईल? आपल्या स्पर्धकाच्या सिस्टीमवर आपला धंदा कोण उभा करेल? आज टायझेन सॅमसंगच्या टीव्हीत आहे. फोनमधून ते गेलं.

आता तिसरा प्रश्न. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं: हा एक फोन काढल्याने माझ्या बाकीच्या फोनना काही होईल का?

अँड्रॉइड 'ओपन सोर्स' आहे, असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. मूळ अँड्रॉइड कोणीही घेऊ शकतं, बदलू शकतं, त्यासाठी एक पैसा द्यावा लागत नाही. पण तुम्ही ज्याला अँड्रॉइड म्हणता, त्यातलं प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब आणि पडद्यामागे चालणाऱ्या प्ले सर्व्हिसेस हे ओपन सोर्स नाही. त्यासाठी गूगलशी करार करावा लागतो. अनेक ॲप्स नोटिफिकेशन पाठवायला, नकाशा दाखवायला, फोन खात्रीचा आहे का हे तपासायला याच प्ले सर्व्हिसेसवर अवलंबून असतात. त्या नसल्या की कुठे बँकेचं ॲप उघडत नाही, तर कुठे नोटिफिकेशनच येत नाही.

आणि या करारांमध्ये एक अट असायची: करार करणारी कंपनी अँड्रॉइडची गूगलच्या चाचण्यांत न बसणारी वेगळी आवृत्ती कुठल्याही फोनवर काढणार नाही. एका मॉडेलवर नाही, तर कुठल्याही.

मालेगाव-भिवंडीच्या मुलांना हे लगेच समजेल. पुष्कळ कारखानदारांची लूम स्वतःची असते, पण सूत व्यापाऱ्याचं असतं. व्यापारी सूत देतो, कापड कसं हवं ते सांगतो, कारखानदार मजुरीवर विणून देतो. कागदावर तो मालक असतो. आता समजा व्यापारी म्हणाला, "चोवीस लूमपैकी एकावर जरी दुसऱ्याचं डिझाइन लावलंस, तर चोवीसही लूमचं सूत बंद." किती कारखानदार ते एक डिझाइन लावतील?

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये शांघायमध्ये एसर कंपनी अलीबाबाच्या 'अलीयुन' या सिस्टीमचा फोन बाजारात आणणार होती. कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. अलीबाबाने सांगितलं की, गूगल एसरशी अँड्रॉइडचं सहकार्य थांबवेल, असं एसरला कळवण्यात आलं होतं. गूगलचं म्हणणं होतं की अलीयुन हे अँड्रॉइडचंच विसंगत रूप आहे, आणि अँड्रॉइडच्या आघाडीत सामील होताना एसरने असं काही न काढण्याचं मान्य केलेलं आहे. अलीबाबाने ते अँड्रॉइडचं रूप असल्याचं नाकारलं. वाद काहीही असो, फोन आला नाही.

गूगलची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक कंपनीने आपलं वेगळं अँड्रॉइड काढलं तर एकाच्या फोनवर चालणारं ॲप दुसऱ्याच्या फोनवर बिघडेल, आणि त्रास ॲप बनवणाऱ्याला आणि ग्राहकाला होईल. यात तथ्य आहे. एकसारखेपणामुळेच आज सात हजारांच्या फोनवरही तेच ॲप चालतं, जे सत्तर हजारांच्या फोनवर चालतं. प्रश्न एवढाच आहे, की एकसारखेपणाची सीमा कोणी ठरवायची आणि ती मोडणाऱ्याला किती शिक्षा असावी.

म्हणजे तिसऱ्या सिस्टीमची कोंडी अशी. पूर्णपणे वेगळी सिस्टीम काढली तर करार आड येत नाही, पण ॲप्स नसतात. अँड्रॉइडमधूनच वेगळी फांदी काढली तर पुष्कळ ॲप्स चालू शकतात, पण तिथे करार आडवा येतो.

युरोपियन कमिशनने जुलै २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड केला, तेव्हा त्यात हाही मुद्दा होता. ॲमेझॉनच्या 'फायर ओएस'चे फोन काढण्यापासून काही मोठ्या कारखानदारांना या करारांनी रोखलं, असा निष्कर्ष कमिशनने काढला होता. २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने दंड थोडा कमी केला, निर्णय बराचसा कायम ठेवला.

भारतातही हा लढा झाला, आणि तो कोणी सुरू केला हे तुम्ही ऐकलंच पाहिजे. आपल्याकडे धंद्यातली मक्तेदारी तपासणारा स्पर्धा आयोग आहे. या आयोगाकडे अँड्रॉइडच्या करारांबद्दल २०१८ मध्ये तक्रार गेली. ती कुठल्या मोठ्या कंपनीने केली नव्हती. तीन तरुणांनी केली होती: आयोगातच रिसर्च असोसिएट म्हणून काम करणारे दोघे आणि कायद्याचा एक विद्यार्थी. तुमच्याच वयाच्या आसपासचे. चार वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२२ रोजी, आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि करार बदलण्याचे निर्देश दिले. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की भारतात फोन कंपन्यांना ॲप्सचा पूर्ण गठ्ठा घेण्याऐवजी एकेक ॲप घेता येईल, आणि वेगळी आवृत्ती काढण्याबाबतच्या अटीही बदलल्या जातील. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. त्यात प्ले सर्व्हिसेसशी जोडून घेण्याची सोय इतरांना नाकारू नये, हा निर्देशही होता. आपल्या विषयासाठी तो फार मोलाचा होता.

मग करार सैल झाल्यावर तिसरा फोन आला का? तुमचे हात मघाशीच पाहिले. कायद्याने एक कुलूप उघडलं. चिप आणि ॲप्स ही दोन कुलुपं तशीच आहेत.

त्याच जानेवारी २०२३ मध्ये 'भारओएस'ची बातमी आली. आयआयटी मद्रासच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या एका कंपनीने मूळ अँड्रॉइडच्या पायावर ही सिस्टीम तयार केली. दोन केंद्रीय मंत्र्यांनी ती चालवून दाखवली. त्या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर 'स्वदेशी सिस्टीम आली, परदेशी कंपन्यांची झोप उडाली' असे मेसेज आले असतील. काम करणाऱ्या इंजिनिअरांबद्दल मला आदर आहे. पण अभिमानाने भरून आलेल्या त्या मेसेजमध्ये एक साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता: कुठली कंपनी हा फोन बनवणार आहे, आणि मामूंच्या काउंटरवर तो परत आला तर नुकसान कोण सोसणार? देशप्रेमाच्या नावाने कारखानदाराचा हिशेब बदलत नाही. भावनेला हात घालणारी बातमी आली की पहिल्यांदा हिशेब विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ती फोनपुरतीच उपयोगी आहे असंही नाही.

मग कोणीच यशस्वी झालं नाही का? झालं. तीन उदाहरणं थोडक्यात सांगतो.

एक, काइओएस. मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसमधूनच ही निघाली. तिने स्मार्टफोनशी भांडणच घेतलं नाही. अँड्रॉइड जिथे नीट चालत नव्हतं, त्या बटणांच्या स्वस्त फोनवर ती गेली. २०१७ चा जिओफोन आठवतोय? १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत. माझ्या अम्मीने इंटरनेट पहिल्यांदा त्यावरच वापरलं. तिथे फोन आणि नेटवर्क एकाच कंपनीच्या हातात होतं, आणि सिस्टीमही तिला हवी तशी बनवून मिळत होती. ग्राहकांची संख्या एवढी मोठी होती की २०१८ मध्ये व्हॉट्सॲप स्वतःहून आलं. गूगलनेही काइओएसमध्ये २.२ कोटी डॉलर गुंतवले. पण २०२१ च्या दिवाळीत जिओने स्मार्टफोन काढला तेव्हा तो गूगलसोबत, अँड्रॉइडवरच काढला. आणि पुढे व्हॉट्सॲपने काइओएसवरची सेवा बंद केली. दुसऱ्याच्या ॲपवर उभं राहिलेलं यश असं असतं.

दोन, चीनची ह्वावे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि तिच्या नव्या फोनना गूगलच्या सेवा मिळणं बंद झालं. तिने हार्मनी ओएस उभी केली, आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडची ॲप्स अजिबात न चालणारी आवृत्तीही आणली. हे जमलं, कारण फोन तिचे, चिपचं डिझाइन तिचं, आणि घरची बाजारपेठ अशी जिथे प्ले स्टोअर आधीपासून नव्हतंच. शिवाय तिच्याकडे दुसरा मार्गच उरला नव्हता.

तीन, आपल्या मुंबईची इंडस ओएस. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या तरुणांनी ती सुरू केली. त्यांनी विचारलं, मराठी, गुजराती, तमिळ वाचणाऱ्या माणसाला फोन आपल्या भाषेत का नको? अँड्रॉइडशी जुळणारीच, पण भारतीय भाषांची सिस्टीम त्यांनी केली. एका भाषेत टाइप करून बोट फिरवलं की मजकूर दुसऱ्या भाषेत. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सने ती घेतली, नंतर इतर भारतीय ब्रँडनीही घेतली. कारखानदार तयार झाले, कारण त्यांचा धोका कमी होता आणि गिऱ्हाइकाला देण्यासारखं काहीतरी खास होतं. पुढे चिनी कंपन्यांनी भारतीय ब्रँडना मागे टाकलं, तसा इंडसचाही पाया सुटला. आज ते नाव ॲप स्टोअरच्या रूपाने फोनपेकडे आहे.

या तिन्हींतून मला एक गोष्ट दिसते. कारखानदाराचा धोका कोणीतरी उचलावा लागतो. तो नेटवर्क कंपनीने उचलावा, सरकारने मोठी खरेदी करून उचलावा, किंवा ग्राहकांच्या एखाद्या खऱ्या गरजेने तो कमी व्हावा. नुसती चांगली सिस्टीम बनवून भागत नाही.

आता शेवटचं. याच्याशी आपला काय संबंध? तुमच्यातले किती जण शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवरून भरतात? बँक, रेशन, कॉलेजचा प्रवेश, सगळं याच पडद्यावर येत चाललंय. या पडद्यावर काय आधीच बसवलेलं असेल, काय काढता येणार नाही, आपली कुठली माहिती कुठे जाईल, हे ठरवणारे लोक मोजके आहेत. पर्याय असतो तेव्हा असे लोक जपून वागतात.

आपण उद्या सिस्टीम बनवणार नाही. पण तीन गोष्टी करता येतील. तुमच्यातले जे ॲप किंवा वेबसाइट बनवायला शिकतायत, त्यांनी आपलं काम साध्या ब्राउझरमध्येही चालेल असं ठेवा. दोन, शाळा, वक्फ मंडळ, महापालिका, कोणीही 'फक्त ॲपवरूनच अर्ज' म्हणालं, तर लेखी विचारा की वेबसाइटवर सोय का नाही. प्रत्येक ठिकाणी असं झालं, तर नव्या फोनवर 'ॲप नाही' ही तक्रार निम्मी कमी होईल. आणि तीन, जे कायदा शिकतायत, त्यांनी स्पर्धा आयोगाचा तो आदेश वाचा. लांबलचक आहे, पण तीन तरुणांच्या एका अर्जातून काय निघू शकतं ते त्यात दिसतं.

मागच्या ईदला मामूंना मी हे सगळं सांगत होतो. ते ऐकत होते आणि हातातल्या फोनची काच बदलत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, मैं तो रख लूं. लेकिन वापस आया तो कौन लेगा?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. जो कोणी उद्या तिसरा फोन आणेल, त्याने आधी या प्रश्नाचं उत्तर आणावं.

तुमचे प्रश्न असतील तर विचारा.